ड्रिल मशीनला लाकडी टेबल करताना: आकाराच्या आधी कशाचा विचार करायचा

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. तुमच्याकडे बाकावर ठेवायचं, १३ मिमी चकचं (चक म्हणजे भोक पाडणारा बिट पकडणारा भाग) ड्रिल मशीन आहे. त्याचं बिडाचं टेबल २०० मिमी चौरस आहे आणि स्पिंडलच्या, म्हणजे चक फिरवणाऱ्या दांड्याच्या, मध्यापासून खांबापर्यंत १२५ मिमी जागा आहे. काम मुख्यतः लाकडाचं, अधूनमधून लोखंडी पट्टी किंवा ॲल्युमिनियम. तक्रारी तीन: ओळीतली भोकं ओळीत येत नाहीत, फळीच्या खालच्या अंगाला लाकूड फाटतं, आणि लांब फळी धरून ठेवताना हात दुखतात. यावर उपाय म्हणून तुम्ही बिडाच्या टेबलावर बसवायचं ९०० × ५०० मिमीचं लाकडी टेबल आखलंय, त्याला दोन्ही टोकांना रुळावर सरकणारा फेन्स (फळीची कड टेकवायची सरळ पट्टी) आणि खाली बिटं ठेवायला दोन खण. आणि विचारलंय एवढंच, की प्लाय घ्यावा की एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेला बोर्ड), आणि जाडी किती ठेवावी.

प्लाय आणि एमडीएफचं पुढे सांगतो, पण तुमची खरी अडचण तिथे नाही. तुमच्या तीन तक्रारींपैकी मोठ्या टेबलाने फक्त तिसरी सुटेल, तीही अर्धीच. भोकं ओळीत येण्यासाठी फेन्स लागतो. लाकूड फाटू नये म्हणून भोकाच्या नेमकं खाली घट्ट आधार लागतो. हे दोन्ही नीट जमलं तर ५५० मिमी रुंदीचं टेबलही घरच्या कामाला भरपूर होतं. ते नसेल तर ९०० मिमीच्या टेबलावरसुद्धा तुम्ही पेन्सिलीच्या फुलीवर नजर रोखून भोक पाडत बसाल आणि भोकं तशीच चुकतील.

माझ्या उत्तरातला काही भाग तुमच्या मशीनवर अवलंबून आहे. बिडाच्या टेबलाला आरपार खाचा आहेत का, ते वर-खाली करायचा दांडा कुठल्या बाजूला आहे, चक आणि टेबल यांच्यात जास्तीत जास्त किती उंची मिळते, हे तुम्ही लिहिलेलं नाही. तिथे तुमची मापं तुम्हीच घ्यायची. मी लाकडाचं काम करणारा माणूस आहे, तेव्हा लाकडाच्या बाजूने बोलतो. धातूचं मध्ये एकदा येईल.

आकारापासून सुरू करू, कारण चुकीचा आकार नंतर दुरुस्त होत नाही. स्पिंडलच्या मागे तुम्हाला १२५ मिमीच मिळतात, त्यामागे खांब आडवा येतो. म्हणजे ५०० मिमी खोलीचं टेबल केलंत तर जवळजवळ ३७५ मिमी स्पिंडलच्या पुढे येणार. बिडाचं टेबल स्पिंडलच्या पुढे साधारण १०० मिमीच आहे. उरलेले पावणेतीनशे मिमी अधांतरी. तुम्ही त्या कडेला रेलून काम करणार, वर फळीचं वजन, आणि हे सगळं पेलणार खांबावर एका बाजूने चिमटलेला बिडाचा हात. तो पुढे झुकतो. भोक वरून सरळ दिसतं आणि खालून तिरकं निघतं. शिवाय एवढ्या खोल टेबलामुळे तुम्ही मशीनपासून लांब उभे राहता आणि खालचा दांडा वाकून शोधावा लागतो.

तुमच्या मशीनला मी खोली ३४० ते ३५० मिमी ठेवेन. स्पिंडलच्या पुढे १८० च्या आसपास, मागे १२५, आणि त्यामागे खांबाभोवती अर्धगोल खाच काढून आणखी ४० मिमी, म्हणजे फेन्स पार मागे नेला तरी त्याची टोकं टेबलावरच बसतील. रुंदी ५५० ते ६००. सहाशेला दोन्ही बाजूंना दोनशे-दोनशे मिमी बाहेर येतात, आणि बिडाच्या टेबलाच्या रुंदीपेक्षा जास्त भाग एका बाजूला बाहेर काढू नये असं मी पाळतो. हा नियम कुठे छापलेला नाही. काम करताना बोटांना जाणवतं त्यावरून ठरवलेला आहे. वजनही बघा: ६०० × ३५० मिमीचं ३० मिमी जाड प्लायचं टेबल साधारण चार किलो भरतं, ९०० × ५०० चं तेवढ्याच जाडीचं पावणेनऊच्या आसपास. खण आणि त्यातली लोखंडी बिटं वेगळी.

मग लांब फळीचं काय? तिला टेबलावर आधार द्यायचाच नाही. तुमचं मशीन बाकावर आहे, म्हणजे बाकाचा पृष्ठभाग खाली तयारच आहे. टेबलाच्या उंचीला येतील असे दोन लाकडी खोके किंवा ठोकळे करून डाव्या-उजव्या टोकांना ठेवा आणि खाली पातळ पट्ट्या सारून उंची जुळवा. वजन बाकावर जातं, खांबावर येत नाही. नऊशेच्या टेबलापेक्षा हा आधार कितीतरी भक्कम असतो.

लाकूड कापण्याआधी टेबलाचा आकार जाड पुठ्ठ्यातून कापा, बिडाच्या टेबलावर चिकटपट्टीने बसवा आणि मशीन बंद ठेवून सगळ्या हालचाली करून बघा. टेबल सगळ्यात वर नेऊन खाली दाबायचा हँडल पूर्ण फिरवा. त्याचे दांडे टेबलाच्या उजव्या कडेला अडतात का? उंची बदलायचा दांडा फिरवताना बोटांची पेरं टेबलाच्या खालच्या अंगाला घासतात का? खांबावरची पकड आवळायला हात पोचतो का? यातलं काही अडत असेल तर पुठ्ठ्याची कड तिथे कापा आणि तोच आकार लाकडात उतरवा. टेबल सममित दिसायलाच हवं असा हट्ट धरू नका. उजवी बाजू पन्नास मिमी आखूड असलेली कित्येक चांगली टेबलं मी वापरली आहेत.

आता साहित्य. मी दोन थरांचं टेबल करतो: खाली १८ मिमी प्लाय, वर १२ मिमीचा, दोन्ही बाजूंनी लॅमिनेट चढवलेला एमडीएफ. प्लायमध्ये ताकद आहे आणि तो बोल्ट-स्क्रू धरून ठेवतो. एमडीएफ प्लायपेक्षा सपाट मिळतो, पण त्याच्या कडेला स्क्रू टिकत नाही आणि उघड्या कडेतून दमट हवा शिरली की तो फुगतो. म्हणून एमडीएफच्या सगळ्या कडांना लाकडी पट्टी किंवा निदान गोंदाचे दोन हात द्या. लॅमिनेट एकाच बाजूला लावू नका, बोर्ड वाकतो. प्लाय घेताना सरळ पट्टी तिरपी आणि आडवी ठेवून उजेडाकडे बघा. पट्टीखालून उजेड दिसत असेल तर तो तुकडा दुसऱ्या कामाला ठेवा. ब्लॉकबोर्ड इथे नको, आतल्या पट्ट्यांच्या फटींमध्ये नेमका तुमचा स्क्रू सापडतो.

वरचा थर चिकटवू नका. खालून २५ मिमीचे स्क्रू बरेच मारून तो बसवा. स्क्रूची सात मिमी लांबीच वरच्या थरात शिरते, म्हणून संख्या जास्त हवी आणि आधी बारीक भोकं पाडून घ्यायला हवीत. कधीतरी हा थर भोकांनी, ओरखड्यांनी खराब होणारच. तेव्हा तो उलटा करून किंवा बदलून टेबल पुन्हा नवं करता येतं. सगळी जाडी ३० मिमी झाली, म्हणजे चकखालची तेवढी उंची गेली. तुमच्याकडे मुळात उंची कमी असेल तर १२ आणि ९ चे थर घ्या, आणि खालच्या थराला बिडाच्या टेबलाच्या दोन्ही बाजूंना लागून एकेक उभी पट्टी मारा. त्या पट्ट्या लाकडी टेबलाला ताठपणाही देतात आणि ते सरकूही देत नाहीत. पट्ट्या बाहेरच्या कडेला मात्र लावू नका. चारही बाजूंना ५० मिमी पट्टा खालून मोकळा राहिला पाहिजे, नाहीतर सी-क्लॅम्प लावायला जागा उरत नाही. तुमचे खण मी याच कारणासाठी रद्द करेन. टेबलाखालची कड क्लॅम्पची आहे. बिटं मशीनशेजारी भिंतीवरच्या फळीत राहू द्या, तिथे ती हाताशीही येतात आणि त्यांच्यावर भुसाही साचत नाही.

बिडाच्या टेबलाला हे कसं जोडायचं? तुमच्या टेबलाला आरपार खाचा असतील असं धरून सांगतो. खालचा थर जागेवर ठेवा आणि खालून पेन्सिल घालून खाचा त्यावर आखून घ्या. चार जागा निवडून भोकं पाडा आणि थराच्या वरच्या अंगाने एम-८ चे (८ मिमी बोल्टचे) टी-नट, म्हणजे लाकडात ठोकायचे चकतीवाले नट, ठोका. त्यांची चकती पृष्ठभागाच्या किंचित खाली जाईल एवढी गोल खाच आधी उथळ काढून ठेवा. मग वरचा थर त्यावर येतो आणि नट झाकले जातात. बोल्ट खालून, मोठं वायसर घालून, बिडाच्या खाचेतून वर जातात आणि आवळले की टी-नटच्या चकतीला खाली ओढतात. ही पकड सुटत नाही आणि टेबलाच्या वर एकही भोक दिसत नाही. बोल्टची लांबी मोजून घ्या. तो जास्त लांब असेल तर टोक वरच्या थराला आतून ढकलतं आणि नेमकं मधोमध टेबल फुगतं. खाचा नसतील तर टेबलाखाली दोन आडव्या पट्ट्या घेऊन बिडाची कड त्यांच्यात चिमटा, तेही चालतं.

सुटं करता येणं का महत्त्वाचं? तुमच्या लोखंडी पट्टीसाठी. धातूला तेल लागतं, गरम किस उडतो, आणि काम आवळून धरणारा व्हाइस बिडाच्या टेबलालाच बोल्टने धरलेला हवा. तेल प्यालेल्या लाकडी टेबलावर पुढची चांगली फळी डागाळते, आणि रुतलेला किस तिला ओरखडे काढतो. चार बोल्ट काढून टेबल बाजूला ठेवायला दोन-चार मिनिटं लागतात. तुमचं अर्धं काम धातूचं असतं तर हे लाकडी टेबल करूच नका, असं सांगितलं असतं.

आता मधला बदलता तुकडा. माझ्या मते सगळ्या टेबलात हाच भाग सर्वांत मोलाचा आहे. भोक पाडताना बिट शेवटचे तंतू कापत नाही, ढकलतो. खाली घट्ट आधार असेल तर तंतूंना ढकलून जायला जागा नसते आणि ते कापले जातात. आधार नसेल तर फाटतात. तुमच्या बिडाच्या टेबलाला मध्ये मोठं भोक आहे, तुमचं लाकूड त्या भोकात फाटतंय. म्हणून वरच्या थरात १०० मिमी चौरस खिडकी काढायची आणि तिच्यात त्याच १२ मिमी बोर्डाचे चौकोन बसवायचे. जाडी एकच असल्यामुळे चौकोन आपोआप टेबलाशी समतल येतो, खरवडायचं काम राहत नाही. एकदम डझनभर चौकोन कापून ठेवा.

खिडकी कुठे काढायची यात थोडी युक्ती आहे. स्पिंडल चौकोनाच्या बरोब्बर मध्ये आणू नका. खालचा थर बोल्टने बसवल्यावर चकमध्ये ३ मिमीचा बिट धरून स्पिंडलचा बिंदू त्यावर उमटवा. त्या बिंदूपासून ३० मिमी एका बाजूला आणि १२ मिमी मागे सरकून चौकोनाचा मध्य धरा. आता चौकोन पाव-पाव वळवला की बिटाखाली चार वेगळ्या जागा येतात, आणि उलटा केला की आणखी चार. एका तुकड्यावर आठ ताज्या जागा. दोन्ही अंतरं वेगळी ठेवणं आवश्यक आहे, सारखी ठेवलीत किंवा एक शून्य केलंत तर उलटल्यावर त्याच जुन्या जागा परत येतात. तीस आणि बारा घेतल्यावर शेजारच्या दोन जागांत साधारण २४ मिमी अंतर राहतं, म्हणजे वीस मिमीपर्यंतच्या बिटांना हे पुरतं. त्याहून मोठ्या बिटाला सरळ नवा चौकोन किंवा फळीखाली टाकाऊ पट्टी. खालच्या थरात त्याच बिंदूवर २५ मिमीचं आरपार भोक ठेवा. त्यातून बारीक बिटाचं टोक निसटतं, भुसा पडतो, आणि खालून बोटाने चौकोन वर ढकलता येतो.

फेन्सकडे येऊ. दोन्ही टोकांना रुळ, मोजपट्ट्या, समांतर सरकणारी रचना, हे तुम्ही करवत टेबलावरून मनात घेतलंय असं वाटतं. करवतीचं पातं लांब असतं, तिथे फेन्स पात्याला समांतर नसेल तर लाकूड अडकतं आणि मागे फेकलं जातं. ड्रिलचा बिट म्हणजे एक बिंदू. बिंदूपासून रेषेचं लंब अंतर एकच असतं, रेषा कशीही तिरपी असो. फळीची कड फेन्सला टेकवून सरकवत नेली की प्रत्येक भोक कडेपासून तेवढ्याच अंतरावर पडतं. म्हणून फेन्सचं एक टोक एका बोल्टवर फिरतं ठेवा आणि दुसरं टोक सी-क्लॅम्पने आवळा. सैल सोडा, मोकळं टोक किंचित मागे-पुढे ढकला, आवळा. स्पिंडल जर फेन्सच्या साधारण मध्यावर असेल तर टोक एक मिमी हललं की बिटापाशी अर्धाच मिमी बदल होतो, म्हणजे सूक्ष्म जुळणी फुकटात मिळते. रुळ लावायचेच असतील तर वरच्या थराचे तीन पट्टे करून त्यांच्यामध्ये रुळाएवढी फट सोडा, खाच कोरायच्या राउटर मशीनची गरज पडत नाही. रुळ पृष्ठभागापेक्षा अर्धा मिमी खाली राहू दे, आणि त्याचे स्क्रू खालच्या प्लायमध्ये नीट शिरू दे, कारण वरून दाबणारे क्लॅम्प रुळाला वर उपटत असतात.

फेन्सला प्लायचे दोन थर चिकटवून घ्या आणि समोरचा अंग सरळ रंधून काढा. सरळपणा पट्टीने तपासा, टेबलाशी काटकोन गुण्याने. उंची मात्र जपून. बरेच जण ७५ मिमीचा भरभक्कम फेन्स करतात आणि पहिल्याच दिवशी चक त्यावर आपटतो. चक बिटापेक्षा कितीतरी जाड असतो. कडेपासून वीस मिमीवर भोक पाडायचं असेल आणि बिट आखूड असेल, तर चक खाली येताना फेन्सला भिडतो. म्हणून मूळ फेन्स ३५ ते ४० मिमीच ठेवा, मध्ये चक जाईल एवढी खाच काढा, आणि फळी उभी धरून टोकात भोक पाडायचं असेल तेव्हा स्क्रूने लावता येईल अशी उंच फळी वेगळी करा. फेन्सच्या खालच्या पुढच्या कडेला तीन मिमीचा उतार द्या. भुसा त्या पोकळीत जातो, नाहीतर फेन्स आणि फळी यांच्यात साचतो आणि भोकं हळूहळू बाहेर सरकत जातात. तुमची ओळ सुरुवातीला बरी आणि शेवटी वाकडी येत असेल तर याच भुशाची शंका घ्या.

सारख्या अंतरावरच्या भोकांना स्टॉपचा ठोकळा (फळीचं टोक अडवणारा, फेन्सला आवळलेला) आणि अंतरपट्ट्या वापरा. शेल्फच्या पिनांची ओळ धरा: ५ मिमी व्यास, ३२ मिमी अंतर, पुढच्या कडेपासून ३७ मिमी, ही कपाटकामात रुळलेली मापं आहेत. फेन्स ३७ वर लावायचा. ३२ मिमी रुंदीच्या काही पट्ट्या अगदी एकसारख्या कापायच्या. ठोकळा आणि फळी यांच्यात सगळ्या पट्ट्या ठेवून एका टोकाचं भोक, मग एकेक पट्टी काढत पुढची. मोजपट्टी वाचायचीच नाही, म्हणून चूक साचत नाही. ठोकळ्याच्या खालच्या कडेलाही तोच उतार द्या.

सगळ्यांना पुन्हा पुन्हा सांगावी लागते ती गोष्ट म्हणजे क्रम. तुमच्या मशीनचं टेबल खांबाभोवती फिरतं. उंची बदलताना पकड सैल केली की ते डावी-उजवीकडे थोडं तरी वळतंच. स्पिंडलपासून खांबाच्या मध्यापर्यंत अंतर समजा १५५ मिमी आहे आणि टेबल दोन अंश वळलं. फेन्सपासूनचं अंतर त्याने जेमतेम ०.१ मिमी बदलतं, पण बाजूला बिट पाच मिमीहून जास्त सरकलेला असतो. म्हणजे फेन्सची रेषा टिकली आणि ठोकळ्याची जागा गेली. पाच मिमी सरकल्यावर ते चौकोनाच्या जागांचं गणितही बिघडतं. म्हणून आधी उंची ठरवा, चकमध्ये लहान बिट धरून चौकोनाच्या जुन्या भोकात उतरवा, तो अडखळल्याशिवाय गेला की खांबावरची पकड आवळा. मग फेन्स. मग ठोकळा. ठोकळा लावल्यावर उंचीला हात लावायचा नाही. खोली बदलायची असेल तर मशीनच्या खोलीच्या स्टॉपने बदला.

टेबल स्पिंडलला काटकोनात आहे का, हे गुण्याने बघण्यापेक्षा तारेने बघा. जाड तार इंग्रजी झेडसारखी वाकवून एक टोक चकमध्ये धरा, दुसरं टोक टेबलाला जेमतेम टेकेल असं ठेवा. मशीनचा प्लग काढा आणि चक हाताने फिरवा. चारही बाजूंना तार सारखीच घासली पाहिजे. डावी-उजवी बाजू बहुतेक मशीनला टेबलाखालच्या मोठ्या बोल्टने जुळवता येते. पुढे-मागे जुळवायची सोय सहसा नसते, तिथे बिडाचं टेबल आणि लाकडी टेबल यांच्यामध्ये पातळ पत्र्याचं पॅकिंग घाला. किती अचूक हवं? दोनशे मिमीवर अर्धा मिमी फरक असेल तर ४० मिमी जाड फळीत भोक ०.१ मिमी सरकतं. बहुतेक सुतारकामाला हे चालून जातं. त्यापलीकडे तासन्‌तास पॅकिंग घालत बसू नका, कारण दाब पडल्यावर टेबल त्याहून जास्त झुकतं. मोठा फोर्स्टनर बिट (सपाट तळाचं रुंद भोक पाडणारा) वापरताना मी टेबलाच्या पुढच्या कडेखाली बाकापर्यंत एक लाकडी टेकू लावतो आणि खाली पाचर सारून तो घट्ट करतो. काटकोनाच्या बाबतीत पॅकिंगपेक्षा या टेकूचा उपयोग मला जास्त झाला आहे. टेबल तिरपं करायची सोय मात्र आता विसरा. तिरप्या भोकांना टेबलावर ठेवायची उतरती फळी करा, ती लवकर लागते आणि काम झाल्यावर टेबल पुन्हा जुळवावं लागत नाही.

सुरक्षिततेचं जे सगळ्यांना माहीत असतं ते लांबवत नाही: चष्मा घाला, हातमोजे नकोत, सैल बाही नको, चकची चावी चकमध्ये विसरू नका, आणि मशीन बाकाला बोल्टने धरा, कारण आता त्याच्यावर पुढे वजन वाढलंय. एक गोष्ट मात्र टेबलाच्या आखणीशीच निगडित आहे. बिट वरून पाहताना घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरतो. तो लाकडात अडकला तर लाकूडही त्याच दिशेने फिरतं: फळीची डावी बाजू मागे, उजवी बाजू तुमच्या पोटाकडे. म्हणून फळीचा लांब भाग नेहमी डावीकडे ठेवा. ती फिरू लागली तरी डावीकडे फेन्सवर किंवा खांबावर अडते. ठोकळाही शक्यतो डावीकडेच लावा. आणि हाताच्या पंजाहून लहान तुकडा हाताने धरूच नका, फेन्सला टेकवून क्लॅम्पने आवळा. टेबलाची मोकळी ठेवलेली कड इथे कामाला येते.

एक शंका तुम्ही नक्की विचाराल: फाटू नये म्हणून दोन्ही बाजूंनी भोक पाडलं तर चालेल का? चालतं. बिटाचं टोक खालून डोकावलं की थांबा आणि फळी उलटी करा. पण उलटताना तीच कड फेन्सकडे राहिली पाहिजे, म्हणजे फळी टोकावरून टोकाकडे उलटायची, लांबीच्या अक्षावर नाही. ठोकळा लावलेला असेल तर तो दुसऱ्या बाजूला हलवावा लागेल. एखाद-दुसऱ्या भोकाला ही पद्धत ठीक आहे. ओळभर भोकांना ताजा चौकोन जास्त सोयीचा.

टेबल कापण्याआधी दोन मापं मला कळवा: चक पूर्ण वर असताना चकच्या टोकापासून बिडाच्या टेबलापर्यंतची जास्तीत जास्त उंची, आणि टेबलाखालच्या दांड्याची बाहेर येणारी लांबी. ३० मिमीची जाडी ठेवायची की २१ ची, आणि उजवी बाजू किती आखूड करायची, हे त्यावरून नेमकं सांगता येईल.